आवाजाच्या कळा (डेस्कटॉप संगणक)

आवाज वाढवणे, कमी करणे आणि म्यूट करणे यांसाठी कळफलकावर असलेल्या तीन कळा. लॅपटॉपवर त्या बहुधा सर्वांत वरच्या ओळीत एफ-कळांबरोबर असतात.

या कळा स्वतः आवाज बदलत नाहीत. यूएसबी कळफलक संगणकाला केवळ 'वाढव', 'कमी कर' किंवा 'बंद कर' एवढाच संकेत पाठवतो. किती वाढवायचा आणि कोणत्या उपकरणाचा, हे त्या संकेतात नसते. ते ऑपरेटिंग सिस्टीमने ठरवायचे असते, आणि घोळ होतो तो नेमका तिथेच.

पायऱ्या : विंडोजमध्ये एकदा कळ दाबली की शंभरपैकी २ अंकांचा फरक पडतो. मॅकओएसमध्ये एकूण १६ पायऱ्या आहेत. ऑप्शन आणि शिफ्ट धरून कळ दाबल्यास पाव पायरी सरकते. पट्टीवर समान दिसणाऱ्या पायऱ्या कानाला समान लागतीलच असे नाही. साधारण १० डेसिबल वाढ झाली की आवाज दुप्पट वाटतो. पट्टी थेट तरंगाच्या उंचीला जोडली, तर २ वरून ४ वर जाताना ६ डेसिबलची उडी बसते, आणि ९८ वरून १०० वर जाताना जेमतेम ०.२ डेसिबलची. रात्री हळू आवाजात ऐकणाऱ्याला म्हणूनच एका दाबाने काही ऐकू येत नाही आणि दुसऱ्या दाबाने घर जागे होते. लिनक्सवरील पल्सऑडिओ या ध्वनिव्यवस्थेने यासाठी घनाच्या प्रमाणातली पट्टी वापरली : तिच्यावर ५० टक्के म्हणजे उंचीचा आठवा भाग, सुमारे १८ डेसिबल खाली. हीच पद्धत योग्य होय.

स्पीकर आणि हेडफोन : स्पीकर हातभर लांब असतो, हेडफोन थेट कानात. स्पीकरला पुरेशी असलेली पातळी हेडफोनमध्ये जशीच्या तशी गेली तर इजा होऊ शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार मोठ्या माणसांसाठी ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत सुरक्षित मानला जातो. ९० डेसिबलला ही मुदत ४ तासांवर येते. त्यामुळे प्रत्येक उपकरणाची पातळी आणि म्यूटची स्थिती वेगळी लक्षात ठेवणे ही सोय नव्हे, सिस्टीमची जबाबदारी आहे. मॅकओएस आणि पल्सऑडिओ दोन्ही पातळ्या वेगळ्या राखतात. विंडोजवर काही ड्रायव्हर स्पीकर आणि हेडफोन जॅक एकाच नावाखाली दाखवतात, आणि मग सारे त्या ड्रायव्हरवर अवलंबून राहते.

खरी कसोटी हेडफोनची पिन निघते तेव्हा. वाचनालयात वायर ओढली गेली आणि गाणे स्पीकरवर वाजू लागले, हा प्रसंग टाळता येण्याजोगा आहे. अँड्रॉइडमध्ये अशा वेळी अ‍ॅपला सूचना जाते आणि गाणे थांबवण्याची रीत पडली आहे. डेस्कटॉपवर ती अजून तेवढी रुजलेली नाही. ती रुजायला हवी. पिन काढण्यापूर्वी स्पीकर म्यूट असेल, तर नंतरही तो म्यूटच राहिला पाहिजे.

कळ कोणाची? विंडोजमध्ये नेहमीचे उपकरण वेगळे आणि कॉलसाठीचे वेगळे निवडता येते. कळा नेहमीच्या उपकरणावर चालतात. त्यामुळे हेडसेटवर बोलताना कळ दाबली तर समोरच्याचा आवाज तसाच राहतो आणि टेबलावरच्या गप्प स्पीकरचा आकडा वाढतो. त्या क्षणी ज्यातून आवाज येत आहे त्याच उपकरणावर कळ चालावी, आणि पडद्यावरच्या पट्टीशेजारी त्याचे नाव दिसावे. म्यूट मात्र सर्वांना लागू व्हावे, कुलूपबंद पडद्यावरही, विनाविलंब.

एचडीएमआयने जोडलेल्या अनेक मॉनिटरच्या बाबतीत मॅकओएसच्या कळा निकामी ठरतात, कारण आवाजाचे नियंत्रण मॉनिटरवर सोडलेले असते. विंडोज तिथे सॉफ्टवेअरने आवाज कमी करते. वापरणाऱ्याच्या दृष्टीने तेच बरे. ब्लूटूथ हेडफोनला ० ते १२७ अशी सामाईक पातळी पाठवण्याची सोय आहे. ती न वापरल्यास संगणकाची एक आणि हेडफोनची एक अशा दोन पातळ्या एकमेकींवर बसतात, आणि संगणकावर १०० असूनही कानात कुजबुज ऐकू येते.

लिनक्सच्या ग्नोम या डेस्कटॉपमध्ये १०० टक्क्यांच्या पुढे आवाज नेण्याची मुभा देता येते. लॅपटॉपच्या क्षीण स्पीकरसाठी ती उपयोगी आहे. मात्र हेडफोन जोडलेला असताना कळ दाबून धरली तरी पट्टी १०० वर थांबावी. त्यापुढे जायचे असल्यास सेटिंगमध्ये जाऊन मुद्दाम बदल करावा लागावा.