काळ्या मातीला पोयट्याचे माप

माती शिकवताना आपण एक प्रयोग हमखास करतो. काचेच्या बरणीत मूठभर माती, वर पाणी, चिमूटभर धुण्याचा सोडा. खूप हलवायचे आणि बरणी स्थिर ठेवून द्यायची. तळाशी खडे, त्यावर वाळू, त्यावर बारीक गाळ आणि सर्वात वर चिकणमाती असे थर बसतात. पुस्तकातल्या चित्रात ते पोळीच्या पदरांसारखे स्वच्छ दिसतात. हाच प्रयोग पहूरच्या शेतातल्या मातीवर करून पाहावा. पहूर हे जळगाव जिल्ह्यात, जामनेर तालुक्यात, अजिंठ्याच्या डोंगराखाली वाघूर नदीच्या काठी वसलेले गाव; कापसाचा मुलूख. तिथल्या खोल जमिनीची माती घेतली, तर वाळूचा थर नावालाच सापडतो आणि पाणी दुसऱ्या दिवशीही गढूळ राहते. मुले म्हणतात, प्रयोग फसला. प्रयोग फसलेला नसतो. पुस्तकातले चित्र वेगळ्या मातीवरून काढलेले असते.

ती वेगळी माती कोणती, हे आधी पाहू. इंग्रजीतले 'लोम' म्हणजे आपली पोयट्याची माती. वाळू आणि बारीक गाळ प्रत्येकी सुमारे चाळीस टक्के व चिकणमाती वीस टक्के, असे तिचे ढोबळ प्रमाण. पाणी मुरते, पण वाहून जात नाही. मुळांना हवा मिळते. नांगर सहज चालतो. उत्तर युरोप आणि उत्तर अमेरिकेत अशा मातीचे मोठमोठे प्रदेश आहेत आणि त्यातले कित्येक हिमनद्यांनी घडवलेले आहेत. किलोमीटरभर आणि त्याहून जाड बर्फाच्या चादरी तिथे जमिनीवरून सरकल्या. वाटेतले खडक त्यांनी उपटले, भरडले, पिठासारखे दळले. हवामान उबदार होऊन बर्फ मागे हटले तेव्हा हा सगळा माल जागीच पडला. नदी गाळ टाकते तेव्हा तो निवडून टाकते: जड खडे आधी, हलकी माती शेवटी. बर्फ काही निवडत नाही. घराएवढ्या धोंड्यापासून पिठाच्या कणापर्यंत सारे एकत्र. स्कॉटलंडमध्ये या सरमिसळ मालाला 'टिल' म्हणत आणि तोच शब्द भूशास्त्रात रूढ झाला.

टिलपासून बनलेल्या पोयट्याचे गुणदोष त्याच्या या जन्मात आहेत. अमेरिकेच्या इंडियाना राज्यातली 'मायामी' नावाची माती हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. त्या राज्याने तिला आपली राज्यमाती मानले आहे. अशा मातीचे वय जेमतेम दहा-वीस हजार वर्षांचे. अभ्रक आणि फेल्डस्पार ही खनिजे दळली गेली, पण कुजली नाहीत. त्यामुळे पोटॅश आणि चुना हळूहळू सुटत राहतात. हिवाळ्यात जमीन गोठते, फुगते आणि आतले दगड दरवर्षी थोडे वर ढकलते. न्यू इंग्लंडमधल्या शेतकऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या वेचलेल्या अशा दगडांचे बांध आजही रानातून दिसतात. मातीचे पहिले शास्त्रीय मोजमाप ज्या देशांत झाले, त्यांच्या अंगणातली माती बरीचशी ही होती. तिचे गुण तेच 'चांगल्या मातीचे गुण' ठरले.

आपल्याकडे हिमनदीचा माल नाहीच का? आहे, आणि महाराष्ट्रातच आहे. मात्र तो फार जुना. 1856 साली ओरिसातल्या तालचेर येथे भारतीय भूशास्त्रीय सर्वेक्षणाच्या ब्लॅनफर्ड बंधूंनी आणि थिओबाल्ड यांनी बारीक मातीत रुतलेले मोठे धोंडे पाहिले आणि हे काम बर्फाचे असावे असे मांडले. उष्ण कटिबंधात बर्फ, हे त्या काळी पुष्कळांना पटेना. 1875 साली फेडन यांनी चांद्याजवळ (आजच्या चंद्रपूरजवळ) इरई येथील चुनखडकाचे वर्णन प्रसिद्ध केले. खडकाचा माथा घासून गुळगुळीत झालेला, त्यावर ओरखडे आणि वर तोच धोंड्यांचा थर. पुराव्याची बाजू भक्कम झाली. पण हा टिल सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वीचा. त्याचा आता खडक झाला आहे. खानदेशच्या मातीशी त्याचा काही संबंध नाही. ती घडली लाव्हापासून.

आता ती काळी कशी, हा प्रश्न. इंग्रज अधिकाऱ्यांना तो पडला त्याला ज्ञानाइतकेच कापसाचेही कारण होते. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते, तिथला कापूस अडला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांचे लक्ष खानदेश-वऱ्हाडकडे वळले. 'ब्लॅक कॉटन सॉइल' हे नाव सरकारी कागदांत पक्के झाले. दुसरे नाव 'रेगूर', ते तेलुगूतून आलेले.

कॅप्टन न्यूबोल्ड यांनी 1840 नंतरच्या दशकात लिहिताना ही माती पाण्याखाली साचलेला गाळ मानली. इतरांचे म्हणणे, ती काळ्या कातळाचाच जागच्या जागी झालेला भुगा. या वादात मला दोन्ही पक्ष थोडे थोडे बरोबर वाटतात. पहूरच्या दक्षिणेला डोंगराच्या उतारावर खणले तर हातभर मातीखाली मुरूम आणि त्याखाली कातळ, अशी सरळ पायरी दिसते. तापीकडे उतरत गेलो की माती खोल होत जाते, आणि तिथली बरीचशी नद्यांनी आणून टाकलेली आहे. मूळ माल मात्र दोन्हीकडे एकच.

रंगाबद्दलचा गैरसमज अधिक चिवट निघाला. 1883 साली वासिली दोकुचाएव यांचा रशियातल्या काळ्या मातीवरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि मृदाशास्त्र हे स्वतंत्र शास्त्र म्हणून उभे राहिले. ती माती काळी होते गवताच्या कुजलेल्या मुळांमुळे. तिच्यात सेंद्रिय द्रव्य पाच ते दहा टक्के, क्वचित त्याहूनही जास्त. मग आपलीही काळी माती तशीच असणार, हे ओघानेच आले. आजही अनेक वह्यांत 'काळी माती ह्यूमसमुळे काळी व म्हणून सुपीक' असे वाक्य सापडते. प्रत्यक्षात खानदेशातल्या शेतजमिनीत सेंद्रिय कर्ब बहुधा एक टक्क्याच्याही खाली असतो.

हे लक्षात आले ते रासायनिक पृथक्करण सुरू झाल्यावर. इंग्लंडच्या रॉयल अॅग्रिकल्चरल सोसायटीचे रसायनतज्ज्ञ जॉन ऑगस्टस व्होल्कर 1889 च्या अखेरीस भारतात आले, वर्षभर हिंडले आणि 1893 साली त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. हिंदी शेतकरी अडाणी नाही, हे स्वच्छपणे सांगणारा तो अहवाल. त्यांच्यानंतर आलेले वॉल्टर लेदर हे हिंदुस्थान सरकारचे पहिले कृषिरसायनशास्त्रज्ञ. 1898 साली त्यांनी भारतीय मातींचे गाळाची, काळी, तांबडी आणि जांभ्याची असे चार गट पाडले. पृथक्करणाच्या आकड्यांत काळी माती गरीबच ठरत होती: नत्र कमी, सेंद्रिय द्रव्य कमी. तरीही खत न घालता तिच्यावर वर्षानुवर्षे कापूस आणि ज्वारी उभी राहत होती. आकडे आणि शेत यांचा मेळ बसत नव्हता.

1910 साली अॅनेट यांनी काळ्या रंगाचे श्रेय टायटॅनियमयुक्त मॅग्नेटाइट या खनिजाला दिले. बेसॉल्टमध्ये ते असतेच. वाघूरच्या पात्रातल्या कोरड्या वाळूतून लोहचुंबक फिरवला तर काळे कण झुबक्याने चिकटतात; मुलांकडून हे जरूर करून घ्यावे. दोनच वर्षांनी हॅरिसन आणि शिवन यांनी वेगळे उत्तर दिले: रंग खनिजाच्या सुट्या कणांचा नव्हे, लोह आणि अॅल्युमिनियमच्या अतिसूक्ष्म सिलिकेटचा. पुढच्या संशोधनाचा कल असा, की थोडेसेच सेंद्रिय द्रव्य चिकणमातीच्या पापुद्र्यांवर पातळ लेपासारखे घट्ट बसते आणि सगळी माती काळवंडते. शाईचा एक थेंब बादलीभर पाणी निळे करतो तसे. म्हणजे ह्यूमसवाले अगदीच खोटे नव्हते. प्रमाणाचा अंदाज मात्र साफ चुकला होता.

खरे कोडे रंगाचे नव्हतेच, चिकणमातीचे होते. 1930 च्या सुमारास क्ष-किरणांनी दाखवून दिले की चिकणमाती म्हणजे आकारहीन लगदा नव्हे. तिचे कण स्फटिक आहेत, वहीच्या पानांसारखे एकावर एक पापुद्रे असलेले. 1940 साली नागेलश्मिट, देसाई आणि म्यूर यांनी हैदराबाद संस्थानातली एक काळी आणि एक तांबडी माती या पद्धतीने तपासली. काळीतली चिकणमाती मुख्यतः मॉन्टमोरिलोनाइट गटातली निघाली, तांबडीतली केओलिनच्या जातीची.

या खनिजांच्या नावांतही भूगोल दडला आहे. मॉन्टमोरिलोनाइट हे नाव फ्रान्समधल्या मॉन्टमोरिलॉन गावावरून पडले. टिलच्या मातीत विपुल असणारे चिकण खनिज म्हणजे इलाइट. 1937 साली ग्रिम, ब्रे आणि ब्रॅडली यांनी त्याला ते नाव दिले ते इलिनॉय राज्यावरून, ज्याचा बहुतेक भाग एकेकाळी बर्फाखाली होता. दोन्ही खनिजांचे पापुद्रे जवळजवळ सारखेच. फरक एवढाच की इलाइटच्या पानांमध्ये पोटॅशियमचे अणू डिंकासारखे बसलेले असतात, त्यामुळे पाने उघडत नाहीत. मॉन्टमोरिलोनाइटमध्ये हा डिंक नाही. पाणी आत शिरते, पाने फाकतात, माती फुगते. उन्हाळ्यात पाणी निघून गेले की ती आक्रसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. एका ग्रॅम खनिजाच्या पापुद्र्यांचे एकूण क्षेत्रफळ सातशे चौरस मीटरच्या घरात जाते.

पहूरला पोयटा का झाला नाही, याचे उत्तरही आता देता येते. वाळूचे टिकाऊ कण म्हणजे प्रामुख्याने गारगोटीचे, क्वार्ट्झचे. बेसॉल्टमध्ये क्वार्ट्झ जवळजवळ नसते. त्यातली खनिजे कुजली की त्यांची चिकणमातीच होते, वाळू मागे उरतच नाही. त्यात पाऊस सातशे-आठशे मिलिमीटरचा आणि ऊन कडक. चुना, मॅग्नेशियम आणि सिलिका पुरते धुऊन जात नाहीत आणि मॉन्टमोरिलोनाइटला हेच पोषक. कोकणात तोच बेसॉल्ट, पण पाऊस तिपटीहून अधिक. तिथे हे सारे धुऊन गेले आणि तांबडा जांभा उरला. 'जसा खडक तशी माती' हे वाक्य म्हणून अर्धेच खरे आहे.

काळ्या मातीचे सामर्थ्य तिच्या पाण्यात आहे. मीटरभर खोल मातीत पिकाला मिळू शकेल असे दीडशे-दोनशे मिलिमीटर पाणी साठते. पावसाळा संपल्यावर पेरलेली रब्बी ज्वारी त्यावरच उभी राहते. हे गणित शेतकऱ्याला ठाऊक होते. तो काळी जमीन दरवर्षी नांगरत नसे, वखराच्या पाळ्या घालून भेगा बुजवी. भेगांत पडलेली माती पावसाळ्यात फुगते आणि जमीन आपली आपणच उलथापालथ करते. 1960 साली अमेरिकेत मांडलेल्या नव्या वर्गीकरणात अशा मातींना 'व्हर्टिसॉल' म्हटले, ते उलटणे या अर्थाच्या लॅटिन धातूवरूनच. दुसरी बाजूही सांगायला हवी: ओली झाली की ती पायाला चिकटते, वाळली की दगड होते. वाफसा येतो तो थोडे दिवसच, आणि तो साधावा लागतो.

पोयट्याचे माप लावल्याची किंमत कालव्यांवर मोजावी लागली. नीरा डावा कालवा 1885 च्या सुमारास सुरू झाला. पाणी दिले की पीक वाढणार, हा हिशोब मुरणाऱ्या जमिनीत ठीक. खोल काळ्या मातीत पाणी खाली निघेना, भूजल वर चढले, क्षार पृष्ठभागावर आले. 1910 साली पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मान आणि ताम्हणे यांनी नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर पुस्तिका लिहिली. क्षारांतला सोडियम चिकणमातीवरच्या कॅल्शियमची जागा घेतो, पापुद्रे सुटे होतात, छिद्रे बुजतात आणि जमीन चोपण बनते. सुरुवातीच्या बरणीत चिमूटभर सोड्याने जे केले, तेच शेतात घडते. पुढे बसू आणि सिरूर यांनी कालव्यांखालच्या जमिनीत खड्डे घेऊन माती थराथराने तपासली आणि 1938 साली तिचे वर्गीकरण मांडले. माती वरच्या वीतभरात ओळखता येत नाही, हे त्यातून आपल्या कृषिखात्यापुढे आले.

2015 साली सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेत बारा गोष्टी मोजून दिलेल्या असतात: सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक आणि पाच सूक्ष्मद्रव्ये. त्या उपयोगाच्या आहेतच. पण मातीची खोली, चिकणमातीचे प्रमाण, पाणी मुरण्याचा वेग यांना त्या बारांत जागा नाही. शाळेला त्या मोजता येतात. जानेवारीपासून मेपर्यंत दर महिन्याला त्याच भेगेत तार सोडून तिची खोली लिहावी. तळ नसलेला पत्र्याचा डबा जमिनीत चार बोटे रोवून त्यात पाणी ओतावे आणि पातळी किती वेळात उतरते ते घड्याळावर पाहावे. हा दुसरा प्रयोग भेगाळलेल्या जमिनीत एकदा आणि पावसाने जमीन फुगल्यावर पुन्हा एकदा करावा. पहिल्या वेळी डब्यातले पाणी पाहता पाहता नाहीसे होते. दुसऱ्या वेळी घड्याळाकडे बघत बसायला मुलांच्या पाळ्या लावाव्या लागतात.