दुसऱ्या रिमोटचे मूळ
सेट-टॉप बॉक्सच्या रिमोटला टीव्हीची बटणे 'शिकवावी' लागतात, ही तंत्रज्ञानाची अपरिहार्यता मानली जाते. इतिहास वेगळे सांगतो. झेनिथ कंपनीचा 1956 चा 'स्पेस कमांड' रिमोट ध्वनिलहरींवर चाले, पण तो ज्या टीव्हीचा, त्याचाच. मुंबईत 31 ऑक्टोबर 2012 ला ॲनालॉग केबल बंद होईपर्यंत ती केबल असलेल्या घरांत वायर थेट टीव्हीत जाई आणि एकाच रिमोटवर भागे. डिजिटलीकरणाने चॅनेल निवडण्याचे काम बॉक्सकडे गेले. आवाज आणि चालू-बंद मात्र टीव्हीकडेच राहिले.

कुणी म्हणेल, रिमोटच्या इन्फ्रारेड संकेतांची सर्वमान्य भाषा नव्हती, त्याला केबलवाला काय करणार? आक्षेप अर्धाच खरा. फिलिप्सची 'आरसी-5' पद्धत युरोपातल्या इतर कंपन्यांनीही वापरली, जपानी कंपन्यांनी आपापल्या पद्धती ठेवल्या. म्हणजे एकवाक्यता अशक्य नव्हती, नकोशी होती. मग दोन रिमोट समोरासमोर धरून एकाचे संकेत दुसऱ्यात उतरवायचे, किंवा टीव्हीच्या कंपनीचा आकडी कोड दाबायचा. उद्योगाने टाळलेले जुळवणीचे काम असे ग्राहकाच्या गळ्यात पडले.