पंक्तींतून उभी राहिलेली शाळा

आम्हां भिवंडीकरांत शाळेची गोष्ट निघाली कीं आधीं इमारत, मग वर्गणी, असाच क्रम लागतो. साताऱ्याच्या एका वसतिगृहाचा इतिहास निराळेंच सांगतो. भाऊराव पाटील यांनीं १९१९ सालीं काले येथें रयत शिक्षण संस्था स्थापिली व १९२४ सालीं साताऱ्यास हें वसतिगृह उघडलें. तेथें निरनिराळ्या जातींचीं मुलें एकत्र राहत, हातानें स्वयंपाक करीत आणि एका पंक्तीस जेवीत. त्या काळीं हें केवढें धाडस! मुलें श्रम करून शिकत, गांवोगांवचे लोक धान्य देत. १९२७ सालीं महात्मा गांधींनीं वसतिगृहास छत्रपति शाहूंचें नांव दिलें. तरीहि खर्च भागेना, तेव्हां भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनीं दागिने विकले; मंगळसूत्रहि राखलें नाहीं. १९३० सालीं त्या निवर्तल्या.