सकाळपर्यंत थांबणे हा उपचार नव्हे

मोठ्या कुत्र्याचे पोट रात्री ताठ झाले, ते कोरड्या ओकाऱ्या काढू लागले, की चाकणच्या गोदामापासून निगडी प्राधिकरणातल्या बंगल्यापर्यंत सल्ला एकच मिळतो. गॅस धरला आहे. पाण्यात हिंग कालवून पाजा, ओव्याचा अर्क द्या, चिमूटभर खायचा सोडा द्या, अंगणात दोन फेऱ्या मारून आणा. सकाळी बघू. हा सल्ला देणारी माणसे निर्दय नसतात. बहुतेकदा त्या कुत्र्यावर सर्वांत जास्त जीव त्यांचाच असतो. त्यांच्या मायेविषयी माझी तक्रार नाही. त्यांच्या निदानाविषयी आहे, आणि ती गंभीर आहे.

आधी पूर्वपक्ष, आणि तो त्याच्या पूर्ण बळानिशी. पहिला आधार गोठ्याचा अनुभव. खेड तालुक्यात कारखाने आले तरी गोठे गेले नाहीत. म्हशीने ओली लसूणघास भरमसाट खाल्ली की तिची डावी कूस वर येते, कोटीपोटात फेस साठतो. तेल पाजले की फेस मोडतो आणि वायू ढेकरेवाटे निघून जातो. अगदीच जिवावर बेतले तर डॉक्टर डाव्या कुशीत ट्रोकार, म्हणजे नळी बसवलेली जाड सुई, घालून वायू काढतात आणि जनावर उभे राहते. हे ज्ञान पिढ्यांचे आहे आणि खरे आहे. दुसरा आधार नित्याच्या अनुभवाचा: कुत्र्यांची पोटे बिघडतात आणि बहुतेक वेळा रात्रीतून आपोआप सुधारतात. तिसरा आधार परिस्थितीचा: रात्री अकराला डॉक्टर कुठे शोधायचा, गाडी कोणाची, खर्च किती? तिन्ही विधाने मला मान्य आहेत. त्यांतून काढलेला निष्कर्ष मान्य नाही.

गोठ्याच्या दाखल्यापासून सुरुवात करू, कारण बाकीचे सगळे त्याच्यावर उभे आहे. म्हशीच्या पोटात वायू अडकतो तो बहुधा फेसामुळे. आत जाण्याची वाट मोकळी असते, म्हणून पाजलेले तेल फेसापर्यंत पोहोचते. खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यात जे घडते त्याची जातच वेगळी. त्याचे जठर वायूने फुगते आणि स्वतःभोवती फिरते: कधी अर्धा वेढा, कधी पाऊण, क्वचित पूर्ण. दोन्ही टोकांना पीळ दिलेल्या पिशवीसारखी त्याची गत होते. अन्ननलिकेकडचे तोंड मिटते, आतड्याकडचेही मिटते. आता हिंगाचे पाणी कोणत्या वाटेने आत जाणार? ते जातच नाही. ओकारीच्या उबळीत असलेल्या कुत्र्याच्या तोंडात ओतलेले तेल किंवा पाणी श्वासनलिकेत उतरण्याचा धोका मात्र खरा आहे. आणि वाटेत थोडी फट राहून सोडा आत पोहोचलाच, तर जठरातल्या आम्लाशी त्याचा संयोग होऊन कार्बन डायऑक्साइड तयार होतो. ज्या पोटातला वायू काढायचा त्याच पोटात आपण वायू भरतो. याला उपचार म्हणायचे का, हे वाचकांनीच ठरवावे.

पण वायू हा या रोगाचा अर्धाच भाग आहे, आणि प्रचलित मत नेमके दुसऱ्या अर्ध्याकडे पाहत नाही. फुगलेले जठर मागच्या अंगाचे रक्त हृदयाकडे नेणाऱ्या मोठ्या शिरेवर दाब देते. हृदयाकडे परतणारे रक्त घटते, रक्तदाब कोसळतो. जठराबरोबर प्लीहाही ओढली जाते, मधल्या बारीक रक्तवाहिन्या तुटतात. रक्ताअभावी जठराची भिंत मरू लागते. पुढे हृदयाचे ठोके अनियमित होतात. शस्त्रक्रिया यशस्वी झाल्यानंतरही पहिले दीड-दोन दिवस हा धोका राहतो. ही अपचनाची लक्षणे आहेत काय? हा रक्ताभिसरणाचा आघात आहे. त्याला ओवा लागू पडत नाही.

आता दुसरा आधार. ‘आमच्या कुत्र्याला मागे असेच झाले होते, हिंगाने उतरले.’ असे सांगणारा खोटे बोलत नाही. जठर नुसते फुगते, फिरत नाही, असेही होते, आणि त्यातली काही कुत्री स्वतःहून सावरतात. श्रेय मात्र हिंगाला मिळते. ज्यांचे जठर फिरले होते त्यांची गोष्ट सांगताना लोक म्हणतात, ‘विष खाल्ले असेल’, किंवा ‘वय झाले होते’. उपायाचे यश मोजायचे आणि अपयश दुसऱ्याच खात्यावर टाकायचे, असा हा हिशेब आहे. नुसती फुगी आणि पीळ यांत बाहेरून फरक करता येत नाही. कुत्र्याला उजव्या कुशीवर निजवून काढलेला एक्स-रे तो फरक दाखवतो. घशातून जठरात नळी उतरली म्हणजे पीळ नाही, असे जाणकार मंडळीही कधी कधी म्हणतात. तेही बरोबर नाही. पीळ असतानाही नळी उतरू शकते.

लक्षणांविषयीचा एक गैरसमज तर मला सर्वांत घातक वाटतो. लोक पोट फुगण्याची वाट पाहतात. ग्रेट डेन, जर्मन शेफर्ड, डॉबरमन, सेंट बर्नार्ड या कुत्र्यांचे जठर बरेचसे बरगड्यांच्या आड असते. आत प्रचंड फुगी असूनही बाहेरून पोट साधेच दिसू शकते. आपल्याकडचे कारवान आणि मुधोळ हाउंड यांची छातीही तशीच खोल. ‘देशी आहे, त्याला काही होत नाही’ या धीराला शरीररचनेत आधार सापडत नाही. खरी खूण वेगळी आहे. कुत्रा पुन्हा पुन्हा ओकण्याचा प्रयत्न करतो आणि काहीच पडत नाही. पडलीच तर लाळ किंवा पांढरा फेस. त्या फेसाला ‘उलटी झाली, आता मोकळा होईल’ असे समजणे ही चूक जीवघेणी ठरते. कुत्रा एका जागी बसत नाही, उठतो, बसतो, वळून आपल्या कुशीकडे पाहतो, लाळ गाळतो. हिरड्या फिकट पडतात. निरोगी कुत्र्याची हिरडी बोटाने दाबून सोडली तर दोन सेकंदांच्या आत गुलाबी रंग परततो. इथे तो उशिरा परततो. कुत्रा कोसळला म्हणजे बराच वेळ हातचा गेला आहे.

‘जेवणानंतर पळाला म्हणून झाले’ हे मतही असेच पक्के बसले आहे. त्याचा तोटा असा, की ज्या दिवशी कुत्रा पळालेला नसतो त्या दिवशी घरचे निश्चिंत राहतात. पुरावा काय सांगतो? अमेरिकेतल्या परड्यू विद्यापीठात लॅरी ग्लिकमन यांच्या गटाने ११ मोठ्या जातींच्या १,६३७ कुत्र्यांचा मागोवा घेतला आणि २००० मध्ये निष्कर्ष छापले. पीळ टाळण्यासाठी त्या काळी सर्रास सुचवल्या जाणाऱ्या बहुतेक उपायांचा उपयोग झालेला दिसला नाही. धोका वाढवणाऱ्या गोष्टी वेगळ्याच निघाल्या: वाढते वय, सख्ख्या नात्यातल्या कुत्र्याला हा रोग झालेला असणे, भराभर खाणे. आणि उंच स्टँडवर ठेवलेले भांडे. हे स्टँड आजही ‘पचनाला चांगले’ म्हणून विकले जातात. नंतरच्या अभ्यासात त्यांचा दोष तितका ठळक दिसला नाही, हे प्रामाणिकपणे नोंदवतो. पण अशा स्टँडमुळे धोका कमी होतो असेही कोणी दाखवलेले नाही.

त्याच विद्यापीठाच्या २००४ च्या अभ्यासातली एक गोष्ट आपल्या औद्योगिक पट्ट्याला थेट लागू पडते. दिवसातून एकदाच, मोठ्या मापाने खाऊ घातलेल्या कुत्र्यांत धोका सर्वाधिक होता. भोसरी, महाळुंगे, कुरुळी, निघोजे इथल्या राखणीच्या कुत्र्यांचे जेवण आठवून पाहा. रात्रपाळीचा माणूस येतो, पातेलेभर भात आणि कोंबडीचे पाय एकदाच ओतले जातात, आणि दिवसभर उपाशी असलेले जनावर ते दोन मिनिटांत संपवते. बारा तासांची पाळी करणाऱ्या नोकरदाराच्या घरातही निराळे घडत नाही. तेच अन्न दोन वेळांत विभागून द्यायला एक पैसाही जास्त लागत नाही. कुत्र्याला पळू न देण्याची जी दक्षता आपण घेतो, तिच्या निम्मी इथे का घेत नाही?

उरला तिसरा आधार, परिस्थितीचा. हा सर्वांत प्रामाणिक आहे. शिरवळचे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि परळचे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय चाकणहून दूर आहेत, आणि रात्री शस्त्रक्रिया करणारा दवाखाना दारात नसतो. पण यातून ‘थांबा’ असा निष्कर्ष कसा निघतो? २००६ मध्ये छापलेल्या एका अभ्यासात, लक्षणे दिसू लागल्यापासून सहा तासांहून अधिक उशिरा डॉक्टरकडे आलेल्या कुत्र्यांत मृत्यूचा धोका स्पष्टपणे जास्त आढळला. रात्री दहाला सुरू झालेल्या ओकाऱ्या सकाळी आठपर्यंत पाहत बसलो तर दहा तास होतात. शिवाय सकाळी आठला नाशिक महामार्गावर काय असते, हे या पट्ट्यात कोणाला सांगायला हवे? पहिल्या पाळीच्या बसगाड्या, कंटेनर, तळेगाव चौकातली कोंडी, मोशीपर्यंतची रांग. अंतर जास्त असेल तर लवकर निघावे लागते. दूरपणाचा युक्तिवाद थांबण्याच्या बाजूचा नाहीच. तो निघण्याच्या बाजूचा आहे.

इथे गोठ्याचा अनुभव खरोखर उपयोगी पडू शकतो. जवळ फक्त गुरांचा डॉक्टर असेल तर त्याच्याकडे आधी जावे. नळीने किंवा जाड सुईने जठरातला वायू कमी करणे आणि पुढच्या पायांतल्या शिरांतून सलाईन चालू करणे ही कामे त्याच्या हातची आहेत, आणि त्याने पुढच्या प्रवासापुरता वेळ मिळतो. मालकाने स्वतः सुई खुपसू नये. प्लीहा जागेवरून हललेली असते, सुई तिच्यात शिरू शकते. पीळ सोडवायला मात्र पोट उघडावेच लागते, आणि त्याच वेळी जठर उजव्या बाजूच्या पोटाच्या भिंतीला शिवून टाकतात. हे शिवणे राहिले तर निम्म्याहून अधिक कुत्र्यांत रोग परत येऊ शकतो.

‘एवढे करून जगतो थोडाच’ असे म्हणून काही जण हात टेकतात. वेळेत शस्त्रक्रिया झालेली बहुतेक कुत्री जगतात. निरनिराळ्या पाहण्यांत मृत्यूचे प्रमाण साधारण १० ते ३० टक्के दिसते. १९९९ च्या १०२ कुत्र्यांच्या अभ्यासात रक्तातले लॅक्टेट (रक्तपुरवठा घटला की वाढणारे द्रव्य) लिटरला ६ मिलिमोलच्या खाली असलेल्यांपैकी ९९ टक्के वाचली. त्याच्या वर असलेल्यांपैकीही ५८ टक्के वाचली. शस्त्रक्रिया न केलेल्या पिळात मात्र मरण जवळपास ठरलेले आहे. निराशेची बाजू मांडणाऱ्याने हे आकडे समोर ठेवून बोलावे.

निरोगी कुत्र्याचे जठर आधीच शिवून घेण्याला काही श्वानप्रेमी ‘धडधाकट जिवाला चिरणे’ म्हणतात. भावना समजते. पण दहा ग्रेट डेनपैकी जवळपास चार जणांना आयुष्यात केव्हा तरी हा रोग गाठतो, आणि २००३ च्या गणितानुसार या शस्त्रक्रियेने ग्रेट डेनमधला त्यापायी होणारा मृत्यू २९ पटींहून अधिक घटतो; रॉटवायलरमध्ये दोन पटींहून थोडा अधिक. नसबंदीसाठी भूल द्यायचीच असते, तेव्हाच हे होऊ शकते. याने फुगी टळत नाही, पीळ टळतो. मारतो तो पीळ.

आणि एक प्रश्न गोदामांच्या मालकांना. रात्री दोनला राखणीचे कुत्रे कोरड्या ओकाऱ्या काढताना पाहणारा माणूस सुरक्षारक्षक असतो. त्याच्याकडे गाडी नसते, पैसे नसतात, आणि साहेबांना उठवायची हिंमतही अनेकदा नसते. हिंग-पाणी त्याच्या हातात असते, म्हणून तो ते देतो. त्याला दोष कसा द्यायचा? रात्री उघड्या असणाऱ्या दवाखान्याचा क्रमांक, चालकाचे नाव, ‘आधी फोन कर, तोंडाने काही पाजू नकोस, लगेच नीघ’ ही सूचना, आणि शस्त्रक्रियेला व खर्चाला मालकाची सहीनिशी आगाऊ संमती, एवढा एक कागद फाटकाच्या खोलीत लावता येतो. तो आजच लावता येतो.