मयुरी देशमुख : ‘मानसी’ ते ‘मालिनी’

दंतवैद्यकाची पदवी मिळवूनही अभिनयाची वाट धरणाऱ्या मयुरी देशमुख हिचे नाव घराघरांत पोहोचले ते ‘झी मराठी’वरील ‘खुलता कळी खुलेना’ या मालिकेमुळे. जुलै २०१६मध्ये सुरू झालेल्या या मालिकेत तिने मानसीची भूमिका साकारली. ओमप्रकाश शिंदे आणि अभिज्ञा भावे हे तिचे सहकलाकार होते. डिसेंबर २०१७मध्ये मालिकेने प्रेक्षकांचा निरोप घेतला.

त्यापूर्वी २०१४मध्ये ‘डॉ. प्रकाश बाबा आमटे’ या चित्रपटात ती दिसली होती. अभिनयाबरोबर लेखनाचीही तिला ओढ. ‘प्लीज फाईंड अटॅच्ड’ हे नाटक तिच्याच लेखणीतून उतरले. २०१८मध्ये ‘३१ दिवस’ या चित्रपटात शशांक केतकरसोबत तिने काम केले.

नांदेडशी तिचे नाते जुळले ते विवाहामुळे. ‘भाकर’, ‘इचार ठरला पक्का’ या चित्रपटांतून भूमिका करणारा नांदेडचा अभिनेता आशुतोष भाकरे याच्याशी २०१६मध्ये ती विवाहबद्ध झाली. करोनाकाळात, २९ जुलै २०२० रोजी आशुतोषने नांदेडच्या राहत्या घरी आपले जीवन संपवले. तो नैराश्याशी झुंजत होता, हे मयुरीने नंतर जाहीरपणे सांगितले. अशा आजाराविषयी चारचौघांत न बोलण्याचीच रीत असलेल्या समाजात तिचे हे बोलणे महत्त्वाचे ठरले.

या आघातानंतर चार महिन्यांच्या आतच ती पुन्हा छोट्या पडद्यावर दिसली. १६ नोव्हेंबर २०२०पासून ‘स्टार प्लस’वर ‘इमली’ ही हिंदी मालिका सुरू झाली. ‘इष्टी कुटुम’ या बंगाली मालिकेवर ती बेतलेली होती. सुम्बुल तौकीर हिने इमलीची, गश्मीर महाजनी याने आदित्यची, तर मयुरीने मालिनीची भूमिका केली. आरंभी समंजस, सोशिक वाटणारी मालिनी पुढे सूडाने पेटते. एकाच व्यक्तिरेखेची ही दोन टोके मयुरीने समर्थपणे पेलली आणि मराठीबाहेरचा मोठा प्रेक्षकवर्ग मिळवला.

दैनंदिन मालिकेत रोज नवा भाग द्यावा लागतो. वैयक्तिक दुःख बाजूला ठेवून कॅमेऱ्यासमोर उभे राहावे लागते. मयुरीची वाटचाल म्हणूनच केवळ भूमिकांच्या यादीत मावणारी नाही.

(नैराश्य जाणवत असल्यास ‘टेलि-मानस’ या केंद्र सरकारच्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर मदत मिळते. ही सेवा ऑक्टोबर २०२२मध्ये सुरू झाली.)