विल्यम केंटचे कर्तृत्व आणि होल्कम हॉल

नॉरफोक परगण्यातील होल्कम हॉल या प्रासादाचे आराखडे मॅथ्यू ब्रेटिंगहॅम याने १७६१ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले, त्या वेळी वास्तुशिल्पी म्हणून त्याने केवळ आपलेच नाव घातले. विल्यम केंट यास मृत्यू येऊन तेव्हा तेरा वर्षे झाली होती; प्रतिवाद करण्यास तो उरला नव्हता. १७७३ च्या आवृत्तीत ब्रेटिंगहॅमच्या पुत्राने ही उणीव भरून काढली खरी, परंतु तीही अर्धवटच. मूळ कल्पना लेस्टर व बर्लिंग्टन या दोन सरदारांची असून केंटचे त्यांस साहाय्य झाले, असे त्याने नमूद केले. केंटला साहाय्यकाच्या जागी बसविणारा हा निवाडा कितपत ग्राह्य धरावा, हे त्याच्या एकंदर कारकिर्दीवरूनच ठरवावे लागते.

केंट हा यॉर्कशरमधील ब्रिडलिंग्टन गावच्या सुताराचा मुलगा. त्याचा जन्म १६८५ च्या सुमाराचा. बग्ग्या रंगविणाऱ्या कारागिराकडे त्याने प्रथम उमेदवारी केली, असे समकालीन व्हर्टूच्या टिपणांवरून दिसते. १७०९ मध्ये तो इटलीस गेला व दहा वर्षे तेथे राहून चित्रकला शिकला. पुढील आयुष्याचे आश्रयदाते त्यास तेथेच लाभले : टॉमस कोक, जो पुढे लेस्टरचा अर्ल झाला, आणि लॉर्ड बर्लिंग्टन. १७१९ च्या अखेरीस बर्लिंग्टनने त्यास लंडनला आणले आणि मरेपर्यंत आपल्या वाड्यात ठेवून घेतले.

चित्रकार म्हणून मात्र तो सामान्यच ठरला. १७२२ मध्ये केन्सिंग्टन राजवाड्याचे काम राजचित्रकार थॉर्नहिलच्या हातून निसटून केंटकडे आले. त्यामागे गुणापेक्षा वशिला अधिक होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. सेंट क्लेमंट डेन्स या चर्चमधील वेदीवरचे त्याचे चित्र वादामुळे १७२५ मध्ये उतरवावे लागले, आणि हॉगार्थने त्याचे विडंबन छापून घरोघर पोहोचविले. हॉगार्थ पुढे थॉर्नहिलचा जावई झाला, ही गोष्ट ती टीका पाहताना विसरता येत नाही. तथापि केंटच्या मानवाकृती दुबळ्या होत्या, हे खरेच.

परंतु हेच चित्रकाराचे अपयश त्याच्या कामी आले. त्या काळी घर बांधणारा एक, छत रंगविणारा दुसरा, आणि पडदे, गाद्या, खुर्च्या पुरविणारा व्यापारी तिसरा, अशी सर्वसाधारण रीत होती. केंटने दालन हे एकच चित्र मानले. रॉबर्ट वॉलपोलच्या हॉटन हॉलमध्ये छत, दारांच्या चौकटी, शेकोट्या आणि भिंतीलगतची सोनेरी मेजे ही सर्व एकाच कल्पनेतून उमलली आहेत. तेथील हिरव्या मखमलीच्या पलंगाचे शिरोभाग प्रचंड शिंपल्याच्या आकाराचे असून १७३२ साली त्याच्या केवळ सोनेरी किनारीसच १,२१९ पौंडांवर खर्च आला. इंग्लंडात अंतर्भागरचनाकार या पेशाचा आरंभ शोधावयाचा तर तो येथे सापडतो. १७२६ मध्ये तो राजाच्या बांधकाम खात्यात 'मुख्य सुतार' झाला. सुताराच्या मुलास ही पदवी शोभली, पण हे पद मानाचे व वेतनाचे होते, रंधा धरण्याचे नव्हे.

होल्कमचे बांधकाम १७३४ मध्ये सुरू झाले आणि १७६४ पर्यंत चालले. जागेवर देखरेख ब्रेटिंगहॅमची होती, हे निर्विवाद. बाह्यांगाची पॅलाडियन शिस्त बर्लिंग्टनच्या मताशी जुळते, म्हणून तीवर त्या सरदाराचा हक्क मान्य करता येईल. कोक हाही जाणकार धनी होता. पण कुटुंबासाठी प्रथम बांधलेल्या भागातील दीर्घ ग्रंथालय घ्यावे. तेथे कपाटे भिंतीचाच भाग होतात, आणि शेकोटी व छत त्यांस उत्तर देतात. ही दृष्टी हॉटनमध्ये आधीच सिद्ध झाली होती. ती बर्लिंग्टनच्या शुष्क चिझिक-वास्तूतून आली असे म्हणणे कठीण आहे, कारण तेथेही अंतर्भागास जो उबदारपणा आहे, तो केंटच्याच हातचा. ब्रेटिंगहॅमच्या पुढील स्वतंत्र कामांत तर त्याचा मागमूस नाही.

केंट १२ एप्रिल १७४८ रोजी वारला. चिझिक येथील चर्चमध्ये बर्लिंग्टनच्या घराण्याच्या तळघरात त्यास पुरण्यात आले. त्याच्या कल्पनेतील हॉर्स गार्ड्सची इमारत पुढे १७५० ते १७५९ या काळात इतरांनी उभारली.