जात्याचा खुंटा आणि म्हातारीची वाणी

भीमेच्या दोन्ही तीरांस पसरलेले शिरूर व दौंड हे तालुके म्हणजे पुणें जिल्ह्याच्या पूर्वेकडील, मूळचा कमी पावसाचा प्रदेश. बाजरी व ज्वारी हेंच तेथील जुनें अन्न. पहांटेच्या अंधारांत उठून तें धान्य दळणें, हें कित्येक शतकें तेथील स्त्रीच्या दिवसाचें पहिलें काम होतें.

या जात्यापाशीं घरांतील वृद्ध स्त्रीचा खरा अधिकार चाले. नवी सून समोर बसे, दोघींचे हात एकाच खुंट्यावर पडत, आणि सासूच्या मुखांतून ओवी निघे. सीतेचा वनवास, पंढरीची वाट, माहेरचा भाऊ, परक्या घरीं दिलेली लेक, असे विषय तींत येत. सून ती ओवी उचले आणि पुढें तींत आपल्या सुखदुःखाची भर घाली. जिला आजन्म अक्षरओळख झाली नाहीं, अशी ही म्हातारी घरांतील मुलीसुनांची शिक्षिका होती. चारचौघांत जें बोलतां येत नसे, तें ओवीच्या आडून सांगतां येई.

ही चाल फार प्राचीन आहे. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या नांवें प्रसिद्ध असलेल्या बाराव्या शतकांतील 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथांत, महाराष्ट्रांतील स्त्रिया धान्य कांडतांना ओव्या गातात, असा उल्लेख आहे.

पुढें खेडोपाडीं पिठाच्या गिरण्या आल्या. स्त्रियांचे थकलेले खांदे सुटले. ते कष्ट परत यावे, असें कोणीहि म्हणणार नाहीं. परंतु जातें थांबतांच म्हातारीची शाळाहि मोडली. ओव्या तिच्या कंठांत राहिल्या. त्या घेणारी सून समोर उरली नाहीं.

हा ठेवा तिच्याबरोबरच जावयाचा. तो कांहीं अंशीं वाचला. हेमा राईरकर व फ्रान्सहून येऊन पुण्यास स्थायिक झालेले गी पॉइटवाँ यांनीं विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत, गांवोगांवच्या सहकाऱ्यांच्या साहाय्यानें, एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. डॉ. आंबेडकरांवरील ओव्याहि त्यांत आहेत. म्हणजे ही वाणी केवळ जुन्यालाच धरून बसली नव्हती. २०१७ पासून त्या 'परी' या ग्रामीण भारताच्या संग्रहांत प्रसिद्ध होत आल्या आहेत.

आतां बहुतेक घरीं जातें लग्नाची हळद दळण्यापुरतेंच मांडतात. त्या दिवशीं मात्र आजीला हांक जाते. ती जें गाईल तें ऐकून उतरून ठेवावयास दोन घटका पुरतात, आणि तेवढें काम नातवंडांच्या हातीं अद्यापि आहे.